गुहेपेक्षा गावाने वाचवलं
तुमच्या लेखात एडवर्ड व्हॅली आणि विल्यम गॉफ या सासरे-जावयांच्या इंग्लंडहून अमेरिकेला पलायनाची गोष्ट छान आली आहे, पण सगळा भर ते लपले त्या, न्यू हेवनजवळच्या वेस्ट रॉक डोंगरावरच्या गुहेवर पडलाय. मला ते पटत नाही. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या आदेशावर सह्या करणारे हे दोघे 1660 मध्ये बॉस्टनला उतरले आणि पुढच्या वर्षी न्यू हेवनला आले. तिथे पाद्री जॉन डेव्हनपोर्टने त्यांना आसरा दिला. मे 1661 मध्ये नव्या राजाची, दुसऱ्या चार्ल्सची, माणसं केलंड आणि कर्क त्यांना पकडायला शनिवारी जवळच्या गिलफर्डला, न्यू हेवन वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या विल्यम लीटच्या दारात पोहोचली. लीटने त्यांनी आणलेलं पत्र मोठ्याने वाचलं, म्हणजे गावात बातमी फुटलीच! मग अधिकाराचा घोळ घातला, आणि दुसऱ्या दिवशी रविवार, धर्मनियमाने प्रवास बंद. त्या विलंबाने दोघांचे जीव वाचले. आणि ही जोखीम लहान नव्हती हो. लंडनमध्ये त्यांच्या साथीदारांना हाल करून मारलं जात होतं. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावात पाद्री जॉन रसेलने त्यांना वर्षानुवर्षं घरात लपवलं, त्याचं धैर्य तर मला सगळ्यांत मोठं वाटतं.

त्याच आदेशावर सही करून पळालेल्या तिसऱ्याचा, जॉन डिक्सवेलचा, लेखात उल्लेखच नाही, याचं फार वाईट वाटलं. जेम्स डेव्हिड्स या नावाने तो न्यू हेवनमध्येच राहिला, लग्न केलं, मुलं झाली आणि 1689 मध्ये तिथेच वारला. त्याच्यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.