कथेतलं पोर आणि सेटवरचं पोर

चित्रपटात लहान मुलांना लैंगिक प्रसंगात दाखवलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक संस्कृती बुडाल्याची बोंब मारतो, दुसरा अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढे करतो. जानेवारी 2022 मध्ये ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’च्या ट्रेलरवरून हेच झालं. राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्राकडे तक्रार केली, पुढे माहीम पोलिसांनी पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा) गुन्हाही नोंदवला. इथे टेक्सासमध्ये आमच्या मराठी ग्रुपवरही दोन दिवस जुंपली होती. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं एकच: हे गिरणगावचं वास्तव आहे, आणि मूळ कथा जयंत पवारांची आहे.

पवार मोठे कथाकार, त्याबद्दल वादच नाही. पण कथेतलं पोर शाईचं असतं. पडद्यासाठी कुणाचं तरी खरं पोर उभं करावं लागतं. आणि शूटिंगमध्ये कुठलंच दृश्य एका फटक्यात होत नाही. लाइट लागतात, कुणीतरी ‘परत एकदा’ म्हणतं, पोर परत करतं. आई बाजूला खुर्चीत बसलेली असते आणि तिला मध्येच ‘थांबा’ म्हणायचा धीर होईलच असं नाही.

इकडचे लोक फार शहाणे आहेत, असं कृपया समजू नका. 2020 मध्ये ‘क्यूटीज’ या फ्रेंच चित्रपटावरून टेक्सासच्याच टायलर काउंटीत ग्रँड ज्युरीने (खटला चालवायचा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) नेटफ्लिक्सवर आरोप ठेवले. निवडणुकीचा मोसम होता, त्यामुळे चित्रपट न पाहिलेलेच जास्त त्वेषाने बोलत होते. दिग्दर्शिका माइमूना दुकुरे यांना अकरा वर्षांच्या मुली लैंगिक प्रदर्शनाच्या बाजारात कशा ओढल्या जातात ते दाखवायचं होतं. त्यांच्या हेतूवर माझा विश्वास आहे. तरीही नाचाच्या दृश्यांत कॅमेरा त्या मुलींवर जसा रेंगाळतो, ते पाहताना मला राग येतो. ज्या नजरेवर टीका करायची, तीच नजर उसनी घेऊन चित्रीकरण केलेलं आहे.

या गदारोळापेक्षा इथली न्यायालयं मला जास्त उपयोगाची वाटतात. 1982 च्या फर्बर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक चित्रीकरणाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. त्यासाठी चित्र अश्लील ठरण्याचीही गरज नाही, असं म्हटलं. चित्रीकरणात मुलाला होणारी इजा पुरेशी मानली. कलेसाठी तसं दृश्य लागतच असेल तर वयाने मोठी, पण लहान दिसणारी व्यक्ती घेता येईल, असंही त्या निकालात आहे. 2002 मध्ये त्याच न्यायालयाने खऱ्या मुलाला न वापरता केलेल्या चित्रणावरची सरसकट बंदी रद्द केली आणि अल्पवयीन प्रेमिकांच्या रोमिओ-ज्युलिएटचा दाखला दिला. म्हणजे विषयाला मोकळीक आहे, मुलाला वापरायला नाही. (एआयने हे गणित आता बिघडवून ठेवलंय, पण तो वेगळा लेख.)

आपल्या वादात मूल दोन्हीकडून गायब असतं. संस्कृतीवाल्यांचं तर विचारूच नका. सहा वर्षांच्या मुलीने आयटम साँगवर कंबर हलवली की घरोघरी टाळ्या पडतात. अखेर जून 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला डान्स रिअ‍ॅलिटी शोबद्दल वाहिन्यांना समज द्यावी लागली. तेव्हा कुणाची संस्कृती बुडाल्याचं ऐकलं नाही. (इथेही चिमुरड्यांना मेकअप फासून सौंदर्यस्पर्धेत उभं करणारे आईबाप आहेतच.)

कायदा नाही, अशातला भाग नाही. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांत मुलाकडून काम करून घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, मुलाच्या मर्जीविरुद्ध काही करून घेता येत नाही, आणि पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. अशा प्रत्येक चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शकाचा हेतू ऐकण्याआधी मला त्या व्यक्तीला भेटायचं आहे. ते दृश्य घेतलं त्या दिवशी ती सेटवर होती का, आणि तिने एकदा तरी कॅमेरा थांबवला का?