तांबड्या पेशी, झोपेची गोळी आणि काकवी

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि दोन दिवसांत तालमीच्या, भावकीच्या, बचत गटाच्या अशा पाच ग्रुपवरून माझ्याकडं फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: "झोपेच्या सगळ्या गोळ्या रक्तातल्या तांबड्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियावर बसतात आणि तिथलं एक प्रथिन बंद पाडतात. परदेशात हे सिद्ध झालंय. पेशींचं वीजघर बंद पडतं, हिमोग्लोबिन उतरतं. गोळ्या आजच बंद करा, रोज दोन चमचे काकवी घ्या, वीजघर परत सुरू होईल."

रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. असले मेसेज मी एरवी पुसून टाकतो. पण आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी हा वाचून आठ वर्षांची गोळी एका रात्रीत सोडली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, हाताला कंप, घाम. म्हणून शेवटाकडूनच सुरुवात करतो.

"आजच बंद करा." अजिबात नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या बरेच महिने घेऊन एकदम तोडल्या तर आकडी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० साली या गोळ्यांवर चौकटीतली कडक सूचना घातली, तिच्यात सवय लागण्याचा आणि एकदम सोडण्याचा असे दोन्ही धोके आहेत. या गोळ्यांचा मी वकील नाही. म्हाताऱ्या माणसांना त्यांनी तोल जातो, विसरायला होतं, आणि वर्षानुवर्षं त्या चालू राहतात हे वाईटच. सोडायच्या तर डॉक्टरांना विचारून, थोड्या थोड्या कमी करत.

"तांबड्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियावर." पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतातच. केंद्रकही नसतं. हाडाच्या मगजातून पेशी बाहेर पडते तेव्हा थोड्या मायटोकॉन्ड्रिया उरलेल्या असतात, त्याही एक-दोन दिवसांत पेशी स्वतःच मोडून टाकते. कारण साधं आहे. मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन खातात, आणि या पेशीचं काम ऑक्सिजन पोचवायचं. दूध घालणाऱ्यानं वाटेतच किटली रिकामी केली तर गिऱ्हाईकाला काय मिळणार? मग तिचं भागतं कशावर? ग्लुकोजवर, तेही ऑक्सिजनशिवाय. एका रेणूमागं निव्वळ दोन एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे रेणू), एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर ती सुमारे १२० दिवस अंगभर फिरते. ल्युपस या आजाराच्या काही रुग्णांत मायटोकॉन्ड्रिया पेशीत तशाच राहून गेलेल्या सापडल्या आहेत, आणि तिथं तो दोष धरला जातो. म्हणजे निरोगी तांबड्या पेशीत बंद पाडायला वीजघरच नाही.

"एक प्रथिन बंद पाडतात." इथं मात्र मेसेजवाल्याच्या हाताला खरंच काहीतरी लागलंय. १९७७ साली उंदराच्या मूत्रपिंडात डायझेपाम चिकटण्याची एक जागा सापडली. झोप आणणारी मेंदूतली जागा वेगळी, ही वेगळी. पुढं २००६ मध्ये तिचं नाव टीएसपीओ ठेवलं. हे प्रथिन बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलात असतं, म्हणून त्याला मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन म्हणायची पद्धत पडली. याच घराण्यातलं टीएसपीओ-२ तांबड्या पेशींच्या वंशात मिळतं, आणि तिथं ते पेशीच्या बाहेरच्या पटलातही आढळतं. आडनाव कागलकर म्हणून माणूस कागलात राहतो असं थोडंच आहे? कित्येक कागलकर शिवाजी पेठेत राहतात. मेसेजवाल्यानं आडनाव वाचलं आणि पत्ता लिहून टाकला.

आणि "सगळ्या गोळ्या"? क्लोनाझेपाम मेंदूतल्या जागेला घट्ट धरतं, टीएसपीओला जवळजवळ धरतच नाही. उलट डायझेपामच्या रेणूला क्लोरीनचा एक अणू जादा जोडला की आरओ५-४८६४ नावाचं रसायन होतं. ते टीएसपीओला पक्कं चिकटतं, पण झोप आणत नाही. झोप आणणं आणि या प्रथिनावर बसणं ही दोन निरनिराळी कामं आहेत.

"परदेशात सिद्ध झालंय." काय झालंय ते सांगतो. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरला की पेशीच्या पटलातून पदार्थांची ये-जा वाढते. २०११ च्या सुमारास प्रयोगशाळेत अशा बाधित पेशींवर आरओ५-४८६४, टीएसपीओला चिकटणारं पीके-१११९५ हे दुसरं रसायन आणि डायझेपाम टाकून बघितलं, तेव्हा ही ये-जा मंदावलेली दिसली. प्रश्न मलेरियाचा होता. झोपेसाठी गोळी घेणाऱ्या माणसाचा तिथं संबंधच नव्हता.

मात्रेचाही हिशोब करू. अर्ध्या मिलिग्रॅमच्या अल्प्राझोलामनं रक्तात जास्तीत जास्त मिलिलिटरला सुमारे ८ नॅनोग्रॅम औषध दिसतं, म्हणजे ०.०३ मायक्रोमोलरच्या आत (मायक्रोमोलर हे द्रवात औषध किती दाट आहे ते मोजायचं माप). त्यातलं ८० टक्के रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेलं, मोकळं उरतं ते उरलेलं. काचेच्या बशीतले प्रयोग मायक्रोमोलरच्या भाषेत, म्हणजे याच्या कित्येक पटींत चालतात. त्यापुढचं तर मला फारच आवडतं: २०१४ मध्ये टीएसपीओचा जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्याआधी समज असा होता की असा गर्भ जगणारच नाही. उंदीर जन्मले, वाढले, ठणठणीत राहिले.

"हिमोग्लोबिन उतरतं." उतरतं, पण गोळीच्या आधीपासून उतरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्या सगळ्या काय झोपेची गोळी घेत होत्या? लोहाची कमतरता, पाळीतला जादा रक्तस्राव, जंत, बी-१२ कमी असणं, मूळव्याध, कारणं इथं शोधायची. सीबीसी करा, म्हातारपणी रक्त कमी निघालं तर पोटाची तपासणी टाळू नका.

राहिली काकवी. गुऱ्हाळावर गरम काहिलीतली काकवी भाकरीबरोबर खाल्ली नसेल त्यानं कोल्हापुरात जन्म घेऊन काय केलं, हे माझंही मत आहे. तिच्यात थोडं लोह असतं, वनस्पतीजन्य लोहासारखंच कमी शोषलं जाणारं. बाकी साखर.

मावशींना परवा त्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. गोळी परत सुरू झाली, ती आता पाव-पाव करत कमी करायची आहे. मावशींना मधुमेह आहे, त्यामुळं बंद झाली ती काकवी.