पाणी बंदच्या दिवशी पाइपातलं पाणी मोटरने ओढू नका

मुंबई पालिका जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी 24 तास पाणी बंद ठेवते, त्याबद्दल भांडुपच्या मावशीने काल एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "आमचे सेक्रेटरी मोटर लावू म्हणतायत, लावू द्यायची का?" नाही मावशी, अजिबात नाही. हा मेसेज बऱ्याच सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी. त्यात चार दावे आहेत. पाणी न तोडता चालू पाइपलाइन दुरुस्त होते, तेव्हा 24 तास पाणी बंद ही थाप आहे. हे सगळं टँकरवाल्यांसाठी चालतं. बंदच्या काळात पाइपात शुद्ध पाणी साठून राहतं, ते मोटरने ओढून घ्या. आणि नंतर येणारं लालसर पाणी लोहाने पौष्टिक असतं.

तिसरा दावा आधी घेतो, कारण त्याने माणसं आजारी पडतील. मुंबईतल्या जुन्या जोडण्या कुठून जातात ते एकदा वाकून बघा: गटाराच्या कडेने, काही ठिकाणी थेट गटारातून. सांधे सुटलेले, लोखंड गंजलेलं. पाइपात दाब असतो तोवर त्या भोकांतून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की हीच भोकं आत घ्यायला लागतात. त्यात तुम्ही मोटर लावलीत की पाइपात शोष तयार होतो आणि तुमच्या टाकीत गटार येतं. तेही एकट्या तुमच्या नाही. त्याच वाहिनीवरच्या चाळीलाही तुमच्यामुळे ते प्यावं लागतं. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड याच वाटेने येतात. मोटर असते ती खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला. पालिकेच्या जोडणीला ती थेट लावणं एरवीही बेकायदा आहे.

हे माझं मत नव्हे. हुबळी-धारवाडमध्ये तेव्हा काही भागांत 24 तास पाणी होतं, बाकीच्यांना मोजके तास. एमिली कम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी दोन्हींकडचं नळाचं पाणी तपासून 2013 मध्ये 'वॉटर रिसर्च' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले: थांबून-थांबून येणाऱ्या पाण्यात दूषितपणा दाखवणारे जंतू जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात सापडले. त्यांच्या पुढच्या अभ्यासात पाणी सुटल्यावरची पहिली धार आणि कमी दाबाची वेळ सर्वांत वाईट ठरली. मेसेज नेमकं तेच पाणी ओढायला सांगतोय!

आता पहिला दावा. अर्धा खरा आहे, मान्य करतो. छोटी गळती क्लॅम्प आवळून चालू पाण्यात थांबवता येते. हॉट टॅपिंग नावाच्या पद्धतीत भरलेल्या पाइपावर जोड बसवतात, बहुधा वेल्डिंगने, त्यावर व्हॉल्व्ह लावतात आणि त्या व्हॉल्व्हमधून आत यंत्राने भोक पाडतात. कापलेली चकतीही यंत्रच बाहेर काढतं. अशी दोन्ही बाजूंना भोकं पाडून, आत बूच सारून, बाजूने तात्पुरता पाइप जोडला की मधला तुकडासुद्धा बदलता येतो. तेल आणि गॅसच्या वाहिन्यांवर हे नेहमीचं काम आहे. पण त्याआधी पाइपाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजतात. पत्रा पातळ झाला असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो वितळून आरपार भोक पडतं. गंजून सडलेला पाइप या कामाला उभाच राहत नाही. शिवाय मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी 1,800 मिलिमीटर व्यासाची. चौरस सेंटिमीटरला 2 किलो एवढाच दाब धरा, तरी बुचावर सुमारे 50 टन रेटा येतो. ते यंत्र, त्याचा पाया, खणायची जागा, हे सगळं झोपड्या आणि रस्त्याच्या मध्ये कुठे उभं करणार? आणि ज्या व्हॉल्व्हने पाणी अडवायचं तोच बदलायचा असेल, तर मागचा बंद करण्यावाचून सहसा इलाज नसतो.

पालिकेला मात्र एक सांगायचंय. काम कुठे आणि किती व्यासाच्या वाहिनीवर आहे हे पत्रकात येतं. ते चालू पाण्यात का होत नाही हेही दोन ओळींत छापा. असले मेसेज त्या गाळलेल्या ओळींवर पोसतात.

टँकरवाले अशा दिवशी भाव चढवतात, हे खरं. म्हणून व्हॉल्व्ह त्यांच्यासाठी बंद केला असं होत नाही, आणि मेसेजमध्ये त्याचा एकही पुरावा नाही.

लालसर पाणी म्हणजे पाइपाच्या आतला गंज आणि तळाचा गाळ. पाणी जोरात सुटलं की उखडून येतो. पोषणासाठी पालेभाज्या खा. बंदच्या दिवशी खालच्या टाकीचा इनलेट बंद ठेवा, पाणी आल्यावर पहिली गढूळ धार टाकीत न घेता सोडून द्या, आणि पुढचे काही दिवस पिण्याचं पाणी गाळून, खळखळून उकळून घ्या.