रिझ वाढवा, बीपी सांभाळा

पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी घरातली पोरं काय बोलतात ते कळलंच पाहिजे असा पण केला असेल, तर शाबास. आपण बेळगावकर तशी मुरलेली माणसं. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, बँकेत पडेल ती हिंदी. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर गावाचं 'बेळगावी' झालं, तेही बघितलं. मग चार शब्दांचं काय घेऊन बसलात?

सुरुवात 'रिझ'पासून करा. इंग्रजी 'करिझ्मा'च्या पोटातून काढलेला तुकडा, म्हणजे समोरच्याला भुलवायची कला. ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३ चा शब्द म्हणून तो निवडला. शब्दकोशवाल्यांनी हार घातला म्हणजे पोरांनी तो टाकला असं समजायचं, पण तुम्ही हटू नका. वहीत लिहून घ्या. मी लिहिला होता, दुधाच्या हिशेबाखाली. मग एका लग्नात, पंगतीत पुतण्याला म्हटलं, "काय गा, तुझा रिझ लई वाढलाय की!" त्यानं मांड्याची घडी मोडता मोडता हात थांबवला आणि हळूच विचारलं, "काका, बीपीची गोळी घेतलास न्हवं?"

'ब्रो'च्या शेपटाला 'गा' लावायचा मोह आवरा. 'ब्रो गा' खानापूर ते निपाणी कुठंच खपत नाही. 'विषय हार्ड', म्हणजे एकदम भारी, हा कोल्हापूरचा माल. निपाणीत ताजा मिळतो, आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या कट्ट्यावर येईस्तोवर शिळा. बेंगळुरात शिकणारा पोरगा सुट्टीला 'मगा' घेऊन येतो. कन्नडात मगा म्हणजे मुलगा, तिकडच्या पोरांत दोस्त. तुम्ही त्याला 'मगा' म्हणालात तर नातं शंभर टक्के बरोबर, आणि तरीही तो दार लावून घेणार.

आपली बोली मात्र चारचौघांत काढू नका. हे तर तुम्ही जन्मभर पाळलंत. "काय करूलालास" म्हटलं की पुण्याचे पाहुणे हसायचे. आपल्या बायका "मी जातो, मी येतो" म्हणाल्या की जास्तच. तीस वर्षं घासून जीभ गुळगुळीत केलीत.

आता पोरगी मोबाईल धरून समोर उभी आहे. "बाबा, आज्जी बोलायची तसं बोल की एकदा. रीलला भारी चालतंय."

घसा साफ करा. "काय करूलालास गा?"

"छे, नॅचरल वाटंना. परत."