ट्रस्ट बाउंड्री एकदा आखून विसरायची नसते

सॉफ्टवेअर टीमांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थ्रेट मॉडेल करताना, म्हणजे सिस्टिमचा डायग्राम काढून तिला कुठून काय धोका आहे हे शोधताना, फायरवॉल असेल तिथे ट्रस्ट बाउंड्री, म्हणजे विश्वास कुठे संपतो हे दाखवणारी रेघ, आखा, रिव्ह्यूत मंजूर करून घ्या आणि पुन्हा तिला हात लावू नका. लावलात तर आधीचं सगळं विश्लेषण वाया जाईल. जोडीला असंही सांगतात, की झीरो ट्रस्ट, म्हणजे आतल्या नेटवर्कवरही आपोआप विश्वास न ठेवण्याची पद्धत, आल्यापासून या रेघांना तसाही अर्थ उरलेला नाही. सल्ला सोपा आहे, म्हणून नव्या लोकांना चटकन पटतो. पण तो पाळला तर थ्रेट मॉडेल कोडपासून दूर जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फायरवॉल हीच बाउंड्री’

डायग्राममधली ती लाल तुटक रेघ म्हणजे नेटवर्कचा नकाशा नव्हे. पलीकडून आलेल्या गोष्टीवर तपासल्याशिवाय विसंबायचं नाही, हे ती सांगते. विश्वास किंवा अधिकार जिथे बदलतो, तिथे ती हवी. मग तो बदल एकाच मशीनवर का होईना.

फोटो अपलोडचं उदाहरण घ्या. वापरकर्ता फोटो चढवतो. वेब सर्व्हर नाव आणि आकार पाहून फाइल स्टोरेजमध्ये ठेवतो आणि क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत, निरोप टाकतो. मागे चालणारा एक प्रोग्राम, म्हणजे वर्कर, तो निरोप उचलून फोटोची छोटी प्रत बनवतो. क्यू, स्टोरेज, वर्कर सगळे फायरवॉलच्या आत, त्यामुळे रेघ फक्त ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यामध्ये काढली जाते. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या फोटोवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली ‘इमेजट्रॅजिक’ ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा धोका नेमका या मागच्या वर्करला होता. फाइलच्या नावाला जेपीजी लावलेलं असलं, तरी इमेजमॅजिक आतला मजकूर पाहून प्रकार ठरवायचं. त्या मजकुरात पेरलेला पत्ता बाहेरच्या प्रोग्रामकडे सोपवताना नीट गाळला जात नव्हता, आणि त्यातून शेल कमांड चालवता येत होती. बाइट्स अनोळखी माणसाचे, चालणार मात्र वर्करच्या अधिकारात. वेब सर्व्हरने फाइल नुसती पुढे सरकवली होती, आतल्या मजकुराची हमी त्याने कधीच घेतली नव्हती.

म्हणून दुसरी रेघ वर्करच्या तोंडाशी हवी. ती काढली की विचारायचे प्रश्न लगेच समोर येतात. वर्कर कोणत्या युजरखाली चालतो? त्याला बाहेरचं नेटवर्क कशाला लागतं? फोटो लहान करणाऱ्या प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड कशासाठी?

२०१९ मधलं कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचं प्रकरणही याच जातीचं. चुकीच्या कॉन्फिगरेशनच्या फायरवॉलकडूनच हल्लेखोराने क्लाउडच्या मेटाडेटा सर्व्हिसला (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती आणि प्रवेशाच्या किल्ल्या देणारी आतली सेवा) विनंती करवून घेतली, तिने तात्पुरती क्रेडेन्शियल दिली, आणि अमेरिका व कॅनडातल्या मिळून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. ज्याला आपण बाउंड्री म्हणत होतो, तोच घटक वाट झाला. ही मेटाडेटा सर्व्हिस आजही कित्येक डायग्राममध्ये काढलेलीच नसते.

‘मंजूर झाली की बदलायची नाही’

जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. एकाच प्रोसेसमधल्या दोन साइटांचा डेटा ब्राउझर वेगळा ठेवतो, हे गृहीतक तिने मोडलं. क्रोमने त्याच वर्षी डेस्कटॉपवर साइट आयसोलेशन जवळपास सगळ्यांसाठी सुरू केलं: वेगळी साइट, वेगळी प्रोसेस. बाउंड्री प्रोसेसच्या आतून काढून प्रोसेसच्या कडेला नेली. मेमरी जास्त लागते हे माहीत असूनही नेली. इतकं तपासलेलं सॉफ्टवेअर आपली रेघ हलवतं, तर आपल्या रेघेला मंजुरीचा शिक्का आहे म्हणून ती अचल कशी राहील?

कधी रेघ पुसावीही लागते, आणि हे फार कमी लोक करतात. प्लगइनसाठी वेगळी चौकट आणि भोवती तुटक रेघ काढलेली असते, पण प्लगइन मुख्य प्रोसेसमध्येच लोड होतो आणि तिची सगळी मेमरी वाचू शकतो. ती रेघ कुणीही राखत नाही. एकतर प्लगइन सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या वेगळ्या जागेत, हलवा, नाहीतर रेघ पुसून टाका. डायग्राममध्ये खोटा दिलासा ठेवण्यापेक्षा ‘इथे संरक्षण नाही’ हे दिसलेलं बरं.

‘बदललं तर आधीचं काम वाया’

हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण कामाच्या ओझ्याने दमलेल्या माणसाला तो लगेच पटतो. प्रत्यक्षात रेघ हलली म्हणून सगळं मॉडेल पुन्हा करावं लागत नाही. जे डेटा फ्लो आधी रेघ ओलांडत नव्हते आणि आता ओलांडतात, किंवा उलट, तेवढेच पुन्हा बघायचे. त्यांच्यावर स्ट्राइडचे, म्हणजे धोक्यांच्या सहा प्रकारांच्या यादीचे, सहा प्रश्न पुन्हा चालवायचे. आणि ‘हे आतलं आहे’ एवढ्याच कारणाने बंद केलेले धोके रेघेची जागा बदलली की परत उघडायचे. बाकीचं काम जसंच्या तसं राहतं. मॉडेलची फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवली, तर जुनी आवृत्ती ऑडिटलाही दाखवता येते. बदलासोबत तीन ओळी लिहाव्यात: कोणतं गृहीतक बदललं, ही रेघ आता कोणता कोड राखतो, कोणते धोके परत उघडले. मधल्या ओळीला उत्तर सापडत नसेल, तर रेघ फक्त चित्रात आहे.

टूलवर विसंबून हे टाळता येत नाही. मायक्रोसॉफ्टचं थ्रेट मॉडेलिंग टूल फ्लो कोणती बाउंड्री ओलांडतो हे बघून धोके सुचवतं. तिथे ती खरंच आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

‘झीरो ट्रस्टमुळे बाउंड्री संपल्या’

उलट वाढल्या. निस्ट या अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २०२० मधल्या झीरो ट्रस्ट दस्तऐवजात, ८००-२०७ मध्ये, केवळ नेटवर्कमधल्या जागेवरून विश्वास ठेवू नका असं म्हटलं आहे. पण तपासणीच्या बिंदूपलीकडे गृहीत विश्वासाचा पट्टा उरतोच, हेही तिथेच मांडलं आहे, आणि तो शक्य तितका लहान करायला सांगितलं आहे. एका मोठ्या रेघेऐवजी प्रत्येक सर्व्हिसच्या तोंडाशी एक छोटी रेघ, असा त्याचा डायग्रामवरचा परिणाम. नवी सर्व्हिस आली, टोकनची व्याप्ती बदलली, एखादं काम बाहेरच्या कंपनीच्या एपीआयकडे गेलं, की यातली एखादी रेघ हलते. ज्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला ठेवणाऱ्या विनंतीत, हा बदल होतो, त्यातच मॉडेलमधला बदलही यायला हवा, आणि तो नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने ती अडवावी.