उलाढाल वाढवा, पाणी वाचवा

एखाद्या मोठ्या कंपनीच्या शाश्वतता विभागाची सूत्रे आपल्या हाती आली असतील, तर पाण्याचा वापर कमी दाखवण्यासाठी तो खरोखर कमी करावा लागतो, हा गैरसमज प्रथम काढून टाकावा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाच्या जबाबदारीचा व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात पाणी किलोलिटरमध्ये लिहायचे असल्याने तीन शून्ये आधीच गळून पडतात.

खरी मौज पाण्याच्या तीव्रतेत, म्हणजे उलाढालीच्या दर रुपयामागे किती पाणी लागले या आकड्यात आहे. मालाची किंमत दहा टक्क्यांनी वाढवावी. खप तेवढाच राहिला आणि पंप पूर्वीइतकाच चालला, तरी तीव्रता सुमारे नऊ टक्क्यांनी उतरते, आणि तो उतरता आलेख अध्यक्षांच्या मनोगताशेजारी हिरव्या रंगात छापता येतो. महागाईने जलसंधारणाला एवढा हातभार लावल्याचे दुसरे उदाहरण नसावे. पुढे सेबीने क्रयशक्तीनुसार दुरुस्त केलेली तीव्रताही मागितली. पण तीही उलाढालीवरच बेतलेली असल्याने घाबरण्याचे कारण नाही.

स्वतःची बोअरवेल डोळ्यांत खुपत असेल, तर टँकर मागवावेत. मग तेच पाणी ‘भूजल’ या रकान्यातून उठून ‘त्रयस्थांकडून घेतलेले पाणी’ या रकान्यात जाऊन बसते, आणि टँकर कोणाच्या विहिरीवर भरला हे तिथे कोणी विचारत नाही. ‘वॉटर पॉझिटिव्ह’, म्हणजे वापरतो त्यापेक्षा जास्त पाणी परत देणारे, व्हायची हौस असल्यास दुसऱ्याच खोऱ्यात एखादे तळे खोदून त्याची पूर्ण साठवणक्षमता जमेस धरावी. पाऊस पडला की नाही, ते पुढच्या वर्षी पाहता येईल.

पाणीटंचाईच्या भागात किती उपसा केला, हा प्रश्न मात्र जपून हाताळावा. सुदैवाने तो अहवालातल्या ‘नेतृत्व निर्देशकां’त मोडतो आणि ते ऐच्छिक आहेत, तेव्हा नेतृत्वाचा मोह आवरावा आणि कोकणातला व मराठवाड्यातला कारखाना एकाच बेरजेत बुडवावा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी 50 आणि 10 मेपासून 60 टक्के कपात केली होती. न्यायमूर्तींना देशभराची सरासरी कोणी समजावून सांगितली नव्हती, असे दिसते.