‘५ मिनिटांत ओरखडा गायब’: त्या मेसेजला उत्तर

आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आला. ‘गाडीवरचे ओरखडे ५ मिनिटांत घालवा. पांढरी टूथपेस्ट लावून गोल गोल घासा, ओरखडा मुळापासून जातो. मग रॉकेलचा बोळा फिरवा, शोरूमसारखी चमक येते. उन्हात करा, लवकर वाळते. महिन्यातून एकदा केलं तर पॉलिशवाल्याला एक रुपया द्यावा लागत नाही.’ सोबत व्हिडिओ. मी हा उद्योग माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर करून बसलोय, म्हणून गप्प राहवत नाही.

‘मुळापासून जातो’ इथेच सगळी गोची आहे. ओरखडा म्हणजे खाच, आणि खाच पुसता येत नाही. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर बहुतेक गाड्यांवर ४०-५० च्या घरात. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या चकाकीवर आपण एवढे खूश असतो, ती केसापेक्षा पातळ आहे. पॉलिश ही खाच भरत नाही, खाचेच्या आजूबाजूचा क्लिअर झिजवून तिच्या तळापर्यंत खाली आणतं. झिजला तो परत येत नाही.

म्हणून आधी नख आडवं फिरवून बघायचं. अडकलं तर घरच्या पॉलिशने तो ओरखडा जाणार नाही, फार तर कडा बोथट होऊन कमी दिसेल. आत करडा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर गाडीच्या रंगाचं टच-अप पेन लावा, नाहीतर पावसाळ्यात तिथून गंज धरेल.

मग व्हिडिओत रेघ गेली कशी? जरा थांबवून बघा. पांढऱ्या गाडीच्या बंपरवर निळी रेघ आहे. बंपर निळ्या गेटला घासला असणार, गेटचा ऑइलपेंट वर चिकटला. तो ओरखडा नाहीच, दुसऱ्याचा रंग आहे, आणि तो पेस्टने निघतो हे मी मान्य करतो. भोंदूगिरी असली तरी हाताशी खरं उदाहरण ठेवलंय बाप्पा!

पेस्टमधले सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे कण दातासाठी असतात. दाताचं कवच क्लिअर कोटपेक्षा बरंच कठीण. माझ्या बॉनेटवर पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सगळं झकास दिसलं. संध्याकाळचं तिरपं ऊन पडल्यावर तळहाताएवढा धुरकट डाग निघाला. काळ्या प्लास्टिकच्या खाचांत पेस्ट वाळून बसली ती वेगळीच.

रॉकेलची चमक तेलाची. तेल बारीक खाचांत भरतं, प्रकाश विखुरत नाही, रेघा लपतात. दोन दिवसांनी त्या जागेवरच असतात. शिवाय आधीचं वॅक्स रॉकेलने उतरतं आणि उरलेल्या तेलकटपणावर धूळ बसते. आपल्याकडे धुळीला काय तोटा? कोराडी-खापरखेड्याकडे राहत असाल तर विजेच्या केंद्रांची राखही आहे. सकाळी गाड्या पुसणारा पोट्टा एकाच बादलीतलं तेच फडकं वीस गाड्यांवर फिरवतो. उन्हात गाडीवर दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी त्या फडक्यातल्या कणांची आहे. दिवसभरात कोणी किल्लीने ओरबाडत नाही हो, रोज सकाळी आपणच पैसे देऊन घासून घेतो. धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं फिरवणं बंद केलं तरी निम्मं पॉलिश वाचेल.

‘उन्हात करा’ हे लिहिणाऱ्याने नागपूरचा मे पाहिलेला नाही. ४५ अंशांत बॉनेटला हात लावून दाखवा. पॉलिश पसरायच्या आत वाळून चिकटतं. बोअरचं पाणी वाळलं की कूलरच्या जाळ्यांवर बसतो तसाच पांढरा थर गाडीवर बसतो, आणि तापलेल्या क्लिअरवर तो डाग पाडतो. पहाटे सहाला, सावलीत, पत्रा थंड असताना करा.

महिन्यातून एकदा? क्लिअरमध्ये उन्हापासून वाचवणारी द्रव्यं असतात. दर महिन्याला तो झिजवत राहिलात तर काही वर्षांत टपावर पापुद्रे सुटतील. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरे चट्टे दिसतात ना, क्लिअर संपल्यावर असंच होतं.

घरी करता येतं, एवढं मात्र मेसेजचं खरं. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. मायक्रोफायबरने टिपा, क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटून बसलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी, फिरवा, प्लास्टिकच्या कडांना मास्किंग टेप लावा. सगळ्यात बारीक पॉलिश आणि मऊ फोम पॅड आधी, दोन बाय दोन फुटांच्या तुकड्यावर. त्याने भागलं तर कंपाऊंडला, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशला, हात लावू नका. मशीन वापरायचं तर पॅड डुलत फिरवणारं ड्युअल ॲक्शन घ्या. सरळ गरगरणारं रोटरी नवख्या हातात कडेचा रंग जाळतं. शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. रेघा परत दिसल्या तर त्या गेल्या नव्हत्याच, पॉलिशमधल्या तेलाने झाकल्या होत्या.

माझ्या बॉनेटचा डाग अशा दोन सकाळींत बराच फिका झाला. तिरप्या उन्हात अजून दिसतो.